विधेयक येतंय म्हणतात. आपलं म्हणणं नेमकं कुठे आणि कसं पोचवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "सांगलीत दोन खोल्यांमध्ये आठवी ते दहावीची शिकवणी घेते. चाळीसेक मुलं आहेत. खाजगी शिकवणी वर्गांसाठी राज्य सरकार कायदा आणणार अशा बातम्या सारख्या येतात. मोठ्या कोचिंगवाल्यांना आवर घालायला हवा हे मला मान्य आहे, पण त्यांच्याबरोबर आम्हीही भरडले जाऊ अशी भीती वाटते. मुख्यमंत्री कार्यालयाला ईमेल केला, एका ऑनलाइन याचिकेवर सही केली, आमदारांना व्हॉट्सॲप केलं. कुठूनच उत्तर नाही. सामान्य माणसाचं म्हणणं कायद्यात उतरतं का? उतरत असेल तर वाट कोणती?"

उतरतं. पण तुमच्या तिन्ही प्रयत्नांमध्ये एक गोष्ट राहून गेली. मसुदा आज कोणाच्या टेबलावर आहे आणि ज्याच्या टेबलावर आहे त्याला तो बदलण्याचा अधिकार आहे का, हे पाहिलं गेलं नाही. मुख्यमंत्री कार्यालयातला ईमेल संबंधित विभागाकडे अग्रेषित होतो, त्यात आठवडे जातात. याचिकेवरच्या सह्या "लोकांचा विरोध आहे" एवढंच सांगतात, कुठलं वाक्य बदलायचं ते सांगत नाहीत. आमदारांना विधेयक समोर नसताना मजकूर मिळाला, त्याचं ते काय करणार? म्हणून "मत कुठे पाठवू" याच्या आधी "विधेयक कुठे पोचलंय" हे विचारायचं. पत्ता त्यावरून ठरतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. महाराष्ट्रात प्रत्येक विधेयकावर जनतेची मतं मागवलीच पाहिजेत असं बंधन नाही. केंद्र सरकारने 2014 मध्ये विधिपूर्व सल्लामसलतीचं धोरण ठरवलं. त्यात मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावा असं म्हटलं आहे, पण ते केंद्राच्या मंत्रालयांपुरतं आहे. राज्यात काही मसुदे हरकतींसाठी जाहीर होतात, काही थेट सभागृहात येतात आणि त्याच अधिवेशनात मंजूर होऊन जातात. त्यामुळे पुढे सांगतोय त्यातली कोणती दारं तुमच्या विधेयकाला उघडी मिळतील ते विषयावर, सरकारच्या घाईवर आणि विरोध किती आहे यावर अवलंबून राहील. एखादं दार बंद निघालं तर पुढचं कोणतं, एवढं आधीच माहीत असावं.

पहिलं दार विभागाचं. विधेयकाचा जन्म मंत्रालयातल्या प्रशासकीय विभागात होतो. तुमच्या विषयासाठी तो शालेय शिक्षण व क्रीडा विभाग, आणि त्याच्या हाताखाली पुण्यातलं शिक्षण आयुक्तालय. विभागातलं एखादं कार्यासन (त्या विषयाचं टेबल) नस्ती म्हणजे फाइल तयार करतं. ती कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव अशी वर चढते, विधी व न्याय विभागाकडून मसुदा तपासून घेतला जातो, पैशांचा भाग असेल तर वित्त विभागाचं मत घेतलं जातं आणि मग ती मंत्रिमंडळापुढे जाते. या टप्प्यावर एखादी व्याख्या बदलणं सगळ्यात सोपं असतं, कारण अजून कोणी जाहीर भूमिका घेतलेली नसते. मंत्र्यांनी सभागृहात विधेयक मांडलं की त्यातला शब्द मागे घेणं हा प्रतिष्ठेचा प्रश्न होतो. म्हणून बातमी नुसती "येणार" अशी असते तेव्हाच लिहायला बसायचं. बहुतेक लोक विधेयक मांडल्याची बातमी आल्यावर जागे होतात, तोवर सगळ्यात स्वस्त संधी गेलेली असते.

या टप्प्यावरचं पत्र विभागाच्या प्रधान सचिवांच्या नावे लिहा आणि प्रत शिक्षण आयुक्तांना द्या. मंत्रालयात टपाल हातोहात देऊन पोच घेता आली तर उत्तमच. नाहीतर स्पीड पोस्ट करा आणि सोबत ईमेल पाठवा. "आपले सरकार" पोर्टलवर टाकलेला मजकूर तक्रार म्हणून नोंदला जातो आणि तक्रार म्हणूनच निकाली निघतो. मसुद्याच्या नस्तीला लागेल असं निवेदन त्या वाटेने पाठवू नका.

मंत्रिमंडळाने मंजुरी दिली पण अधिवेशन चालू नसेल तर राज्यपाल संविधानाच्या अनुच्छेद 213 खाली अध्यादेश काढू शकतात. अध्यादेश निघाला म्हणजे सगळं संपलं असं लोकांना वाटतं. मला हा टप्पा उलट उपयोगाचा वाटतो. अध्यादेशाचा संपूर्ण मजकूर राजपत्रात छापलेला असतो, विधानमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याची मुदत संपते, आणि तो टिकवायचा तर त्याच्या जागी विधेयक आणावंच लागतं. म्हणजे कोणता मजकूर येणार हे ठाऊक असलेलं विधेयक आणि हाताशी काही आठवडे, असं दोन्ही मिळतं. जादूटोणाविरोधी कायद्याचं उदाहरण घ्या. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी हत्या झाली, काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात त्याचा कायदा झाला. त्याआधी कितीतरी वर्षं त्या विधेयकाचे मसुदे येत होते आणि हरकतींनुसार बदलत होते. शेवटी कायद्याला जोडलेली अनुसूची नेमक्या कृत्यांची यादी देते, श्रद्धेविषयी सर्वसाधारण भाषा करत नाही. इतक्या वर्षांच्या भांडणातून शब्द असे घासून निघतात.

आता विधेयक सभागृहात आलं असं धरू. पुरःस्थापनेनंतर, म्हणजे ते रीतसर मांडल्यावर, त्याची प्रत विधानमंडळाच्या संकेतस्थळावर आणि राजपत्रात मिळते. "सन अमुक चे विधानसभा विधेयक क्रमांक अमुक" हा क्रमांक आधी टिपून घ्या, यापुढच्या प्रत्येक कागदावर तोच विषय म्हणून लिहायचा आहे. यानंतर विधेयक चार वाटांनी जाऊ शकतं: लगेच विचारात घेतलं जाईल, एका सभागृहाच्या प्रवर समितीकडे (निवडक सदस्यांच्या समितीकडे) जाईल, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे जाईल किंवा लोकमत अजमावण्यासाठी परिचालित होईल, म्हणजे लोकांकडे मतांसाठी पाठवलं जाईल. शेवटची वाट फार क्वचित वापरली जाते, पण तिच्या जवळपास जाणारं काही घडतं. जुलै 2021 मध्ये केंद्राच्या कृषी कायद्यांच्या पार्श्वभूमीवर राज्याने तीन विधेयकं सभागृहात मांडली आणि दोन महिने लोकांच्या सूचनांसाठी खुली ठेवली. पुढे केंद्राचेच कायदे रद्द झाल्यावर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती मागे घेतली गेली.

नागरिकांसाठी खरं मोठं दार समितीचं आहे. समिती वर्तमानपत्रांत सूचना देऊन लेखी मतं मागवू शकते, निवडक लोकांना साक्षीला बोलावू शकते आणि खंडांमध्ये (विधेयकातल्या कलमांना खंड म्हणतात) बदल सुचवून अहवाल देते. सदस्यांना अहवालाला भिन्नमतपत्रिका जोडता येते. सरकारलाही या वाटेने बदल स्वीकारणं सोपं जातं, कारण बदल "समितीची शिफारस" म्हणून येतो आणि कोणी माघार घेतली असं दिसत नाही.

ताजं उदाहरण महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाचं. जुलै 2024 मध्ये ते विधानसभा विधेयक क्रमांक 33 म्हणून मांडलं गेलं, विधानसभेची मुदत संपल्यावर व्यपगत झालं, म्हणजे आपोआप बाद झालं, आणि डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा मांडून संयुक्त समितीकडे गेलं. समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. बहुसंख्य लोकांनी विधेयक मागेच घ्या म्हटलं होतं, ते झालं नाही आणि जुलै 2025 मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं. पण समितीतून बदल झाले. कायदा कोणासाठी आहे हे सांगणारी सुरुवातीची भाषा "व्यक्ती आणि संघटना" अशी सरसकट होती, ती कडव्या डाव्या व तत्सम संघटनांपुरती आवळली गेली. सल्लागार मंडळाची रचना बदलली. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचा किमान दर्जा पोलीस उपअधीक्षकापर्यंत वर गेला. कायद्याच्या बाजूने किंवा विरोधात तुमचं मत काहीही असो, इथे पाहण्यासारखं हे आहे की जे बदललं ते सगळं एका खंडावर, एका शब्दावर किंवा एका पदनामावर बोट ठेवता येईल असं होतं.

तुमच्या विषयाच्या अगदी जवळचं उदाहरण राजस्थानात आहे. तिथलं कोचिंग केंद्रांचं विधेयक मार्च 2025 मध्ये मांडलं गेलं, प्रवर समितीकडे गेलं आणि सप्टेंबरमध्ये मंजूर झालं. समितीतून बाहेर पडताना कायदा लागू होण्याची मर्यादा 50 विद्यार्थ्यांवरून 100 वर गेली, पहिल्या उल्लंघनाचा दंड दोन लाखांवरून पन्नास हजारांवर आला आणि दुसऱ्याचा पाच लाखांवरून दोन लाखांवर. सहा महिन्यांत तीन आकडे बदलले. तुमच्यासारख्या वर्गाचं सगळं भवितव्य अशाच एका आकड्यावर ठरतं.

विधेयक समितीकडे जातं तेव्हा सूचनांची मुदत आणि पत्ता जाहिरातीतच असतो. सहसा विधानमंडळ सचिवालय, विधान भवन, मुंबई. किती प्रती हव्यात तेही तिथेच सांगितलेलं असतं. मुदत चुकली तरी पाठवायचं सोडू नका, समिती काम करत असते तोवर कागद सदस्यांपर्यंत पोचू शकतो. मात्र साक्षीला बोलावलं जाण्याची अपेक्षा मग ठेवू नका. साक्ष द्यायची इच्छा असेल तर निवेदनाच्या पहिल्याच परिच्छेदात तसं लिहा, शेवटी लिहिलेलं नजरेतून सुटतं.

समिती नेमलीच नाही तर उरतात आमदार आणि हातातले दोन-चार दिवस. विधेयक विचारात घेतलं जातं तेव्हा ते खंडशः पुढे सरकतं आणि प्रत्येक खंडावर सदस्याला दुरुस्ती मांडता येते, पण तिची सूचना आधी द्यावी लागते. म्हणून आमदारांना "या विधेयकाकडे लक्ष द्या" असं कळवून फारसं काही होत नाही. त्यांच्या हातात अर्ध्या पानाचा कागद द्या: विधेयकाचा क्रमांक, खंड, आजचे शब्द, हवे असलेले शब्द, आणि सभागृहात वाचता येतील अशी कारणाची तीन वाक्यं. स्वीय सहाय्यकाला तो जसाच्या तसा सचिवालयात देता आला पाहिजे. दुरुस्ती मतदानात पडली तरी मंत्र्यांनी उत्तरात दिलेलं आश्वासन कार्यवृत्तात, म्हणजे सभागृहाच्या अधिकृत नोंदीत, राहतं. नियम तयार होताना ते आश्वासन फार कामी येतं.

आमदार म्हणजे फक्त तुमच्या विधानसभा मतदारसंघाचे, असं समजू नका. विधान परिषदेचे 78 सदस्य आहेत, त्यांतले सात पदवीधर मतदारसंघांचे आणि सात शिक्षक मतदारसंघांचे. सांगली जिल्हा पुणे विभागाच्या दोन्ही मतदारसंघांत येतो. पदवी घेऊन तीन वर्षं झाली असतील तर पदवीधर मतदार म्हणून तुमची नोंद होऊ शकते. अनेकांची राहिलेली असते. शिक्षणाच्या विषयावर हे सदस्य सहसा तयारीने बोलतात आणि त्यांच्या दारात गर्दी कमी असते. विधानसभेने मंजूर केलेलं विधेयक परिषद कायमचं अडवू शकत नाही. पहिल्या खेपेला तीन महिने, विधानसभेने पुन्हा मंजूर केल्यावर एक महिना, एवढाच तिचा अधिकार. पण पुष्कळ विधेयकांच्या बाबतीत परिषदेतली चर्चा ही शेवटची उघडी जागा असते. दोन सभागृहांमध्ये एक-दोन दिवसांचं अंतर मिळालं तर तेवढ्यात तोच अर्ध्या पानाचा कागद तिकडे पोचवता येतो.

विनंती अर्ज समितीची वाटही आहे. सभागृहाला उद्देशून केलेला अर्ज सदस्याच्या प्रतिस्वाक्षरीने सादर होतो. धावत्या विधेयकासाठी ही वाट संथ आहे. कायदा होऊन गेल्यावर त्याचा जाच दाखवायला मात्र ती योग्य.

राज्यपालांकडे विधेयक गेल्यावर त्यांना निवेदन देता येतं, पण त्यावर फार भिस्त ठेवू नये. केंद्रीय कायद्याशी विसंगत ठरू शकेल असं, समवर्ती सूचीतल्या विषयावरचं विधेयक असेल तर राष्ट्रपतींची अनुमती लागते आणि तिथे ते अडकू शकतं. महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांसाठी कडक शिक्षा सुचवणारं महाराष्ट्राचं शक्ती विधेयक डिसेंबर 2021 मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर होऊनही त्या अनुमतीअभावी कायदा म्हणून अमलात आलं नाही. शिक्षण हा विषयही समवर्ती सूचीत आहे, हे लक्षात असू द्या.

आता सगळ्यात दुर्लक्षित दाराकडे येतो. कायदा झाल्यावर नियम होतात. विधेयकात "विहित करण्यात येईल अशा नमुन्यात", "विहित करण्यात येईल असे शुल्क" असे शब्द जिथे जिथे दिसतात तिथे तिथे खरा निर्णय पुढे ढकललेला असतो. नोंदणी शुल्क 500 रुपये की 50,000, नूतनीकरण दर वर्षी की पाच वर्षांनी, मुलामागे किती जागा, अग्निशमन दाखला कोणाला लागेल, हे सगळं नियमांत ठरतं. अधिनियमातच "पूर्व प्रसिद्धीच्या अटीवर" नियम करावेत असं म्हटलं असेल तर मसुदा राजपत्रात छापून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात आणि आलेल्या हरकतींचा विचार करावाच लागतो. म्हणून विधेयक हाती आल्यावर नियम करण्याच्या शक्तीचा खंड उघडा आणि हे तीन शब्द तिथे आहेत का ते पाहा. नसतील तर तीच तुमची एक सूचना असू द्या. सरकारला ती मान्य करायला जड जात नाही, आणि पुढची सगळी वर्षं तुम्हाला बोलायला जागा मिळते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या बाबतीत हेच दिसलं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 मध्ये त्यांच्यासाठी 13-ब हे स्वतंत्र प्रकरण 2019 मध्ये आलं आणि त्याखालच्या नियमांचा मसुदा हरकतींसाठी 2025 मध्ये. मधल्या काळात विषय संपला असं समजून बसलेल्या संस्थांचे पदाधिकारी ऐन वेळी धावपळ करत होते.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: बातमी असेल तेव्हा विभाग, अध्यादेश निघाला तर पुढच्या अधिवेशनाआधीचे आठवडे, समिती नेमली तर समिती, नाही नेमली तर दोन्ही सभागृहांचे सदस्य, आणि कायदा झाला तर नियमांचा मसुदा.

आता विधेयक वाचायचं कसं ते. पहिल्या पानापासून सरळ वाचत गेलात तर दमाल. मी आधी शेवटी जातो: उद्देश व कारणे यांचं निवेदन. सरकार स्वतःच्या शब्दांत काय साधायचं म्हणतं ते तिथे असतं आणि तुमचा सगळ्यात मजबूत युक्तिवाद तिथूनच निघतो: "उद्देश अमुक, पण खंड तमुक त्याच्या पलीकडे जातो." त्यालाच जोडून प्रदत्त विधानाविषयीचं (सरकारला दिलेल्या नियम करण्याच्या अधिकारांविषयीचं) ज्ञापन असतं. कोणकोणत्या गोष्टी नियमांवर सोडल्या आहेत त्याची आयती यादी तिथे मिळते. मग व्याख्यांचा खंड, सहसा दुसरा. कायदा तुम्हाला लागू होतो की नाही हे व्याख्येत ठरतं, बाकी खंडांमध्ये फक्त परिणाम असतात. त्यानंतर शास्ती (दंड-शिक्षा), मग अपील कोणाकडे आणि किती दिवसांत, मग झडती आणि प्रवेशाचे अधिकार, आणि शेवटी "अडचण दूर करण्याची शक्ती". तारीखही पाहा. "राज्य शासन राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नियत करील अशा दिनांकास" असं लिहिलेलं असेल तर कायदा मंजूर होऊनही अंमल नंतर सुरू होणार, आणि तयारीला वेळ मिळेल.

विधेयक सुधारणा करणारं असेल तर ते एकटं वाचून काही कळत नाही. "कलम 4 च्या पोट-कलम (2) मध्ये 'तीस' या शब्दाऐवजी 'पंधरा' हा शब्द दाखल करण्यात येईल" याचा अर्थ मूळ अधिनियम शेजारी ठेवल्याशिवाय लागणार नाही. तीन स्तंभांचा तक्ता करा: आजची तरतूद, विधेयकातली तरतूद, आपली सूचना. हाच तक्ता पुढे निवेदनाला जोडायचा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही पाठ मिळत असतील तर आपल्याला लागणारे खंड दोन्हींत वाचा. शब्दांची छटा कधी कधी वेगळी निघते, आणि असा फरक दाखवून देणं हीसुद्धा दखल घेण्याजोगी सूचना असते.

लिहिताना दोन पानांच्या वर जाऊ नका. तक्ता, आकडेवारी, कागदपत्रं परिशिष्टात. पहिल्या चार ओळींमध्ये तुम्ही कोण, कायदा तुम्हाला कसा लागू होतो आणि किती सूचना आहेत ते सांगा. सूचना तीन ते पाच. वीस सूचना दिल्या तर वाचणारा सोप्या दोन उचलतो आणि तुमची महत्त्वाची राहून जाते. प्रत्येक सूचनेत चार गोष्टी हव्यात: खंड, अडचण, प्रत्यक्ष परिणाम आणि पर्यायी शब्द. पर्यायी शब्दांवर लोक सर्वांत जास्त अंग चोरतात, कारण कायद्याची भाषा आपल्याला जमणार नाही असं वाटतं. ती परिपूर्ण असायची गरज नाही. विधी व न्याय विभागातले मसुदाकार ती घडवून घेतातच, त्यांना तुमचा हेतू निःसंदिग्ध कळला म्हणजे झालं.

नमुन्यादाखल एक कल्पित खंड घेऊ: "शिकवणी वर्ग म्हणजे, दहापेक्षा अधिक विद्यार्थ्यांना मोबदला घेऊन अध्यापन करणारे कोणतेही ठिकाण." यावर "लहान शिक्षकांवर अन्याय होईल, कृपया फेरविचार व्हावा" असं लिहिलं तर वाचणाऱ्याला करण्यासारखं काहीच उरत नाही. त्याऐवजी असं लिहा:

"खंड 2 (क). दहा विद्यार्थ्यांच्या मर्यादेमुळे घरातल्या एक-दोन खोल्यांत एकट्याने शिकवणारे शिक्षकही नोंदणी, लेखापरीक्षण आणि अग्निशमन दाखल्याच्या कक्षेत येतात. माझ्या वर्गात 40 विद्यार्थी असून वार्षिक जमा अमुक रुपये आहे; प्रस्तावित अनुपालनाचा खर्च तिच्या अमुक टक्के होतो (परिशिष्ट 1). केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांत 50 पेक्षा अधिक विद्यार्थ्यांची मर्यादा आहे. सबब 'दहापेक्षा अधिक' या मजकुराऐवजी 'पन्नासपेक्षा अधिक' हा मजकूर दाखल करावा. हे मान्य नसल्यास, पन्नासपर्यंत विद्यार्थी असलेल्या वर्गांना केवळ विनाशुल्क स्वयंघोषणा पुरेशी ठरेल असे परंतुक जोडावे."

शेवटचं "हे मान्य नसल्यास" सोडू नका. (परंतुक म्हणजे खंडाला जोडलेली अपवादाची ओळ.) पूर्ण विरोध असेल तर तो पहिल्या परिच्छेदात ठामपणे मांडा, त्यात कमीपणा काही नाही. पण त्याखाली "तरीही विधेयक पुढे जाणार असेल तर" म्हणून खंडवार सूचना द्या. दुसरी पायरी दिली म्हणजे पहिली सोडली असा अर्थ होत नाही. नुसतं "रद्द करा" एवढंच लिहिलेली निवेदनं मोजली जातात आणि बाजूला ठेवली जातात, कारण खंडांवर काम करणाऱ्या माणसाला त्यातून घेण्यासारखं काही मिळत नाही.

एकाच मजकुराची हजार पत्रं पाठवण्याचा मोह होतो. त्याने विषय मोठा आहे हे दिसतं, पण मजकूर एकदाच वाचला जातो. तुमच्या गावातले दहा शिक्षक असतील तर दहांनी स्वतःचे आकडे घालून, आपापल्या अडचणीवर वेगवेगळं पत्र लिहावं: एकाची इमारत जुनी, एकीचा वर्ग संध्याकाळी फक्त दोन तास, एकाकडे तीन गावांची मुलं येतात. संघटनेच्या नावाने लिहायचं असेल तर नोंदणी क्रमांक आणि ठरावाची प्रत जोडा. नसेल तर सरळ व्यक्ती म्हणून लिहा. अस्तित्वात नसलेल्या "महासंघा"च्या नावाने आलेल्या पत्रावरचा विश्वास पहिल्या ओळीतच उडतो.

बाकी चुका छोट्या असतात पण त्यांनीच काम बिघडतं. विधेयकाचा क्रमांक नसतो, मग पत्र चुकीच्या नस्तीत जातं. हाताने लिहिलेल्या पानांचे मोबाइलवर काढलेले वाकडे फोटो येतात, त्यातून कोणी काही उतरवून घेऊ शकत नाही. टंकलिखित पीडीएफ पाठवा. धोरणाविषयी चार पानं आणि खंडाविषयी एक ओळ असं प्रमाण होतं. अधिकाऱ्यांवर हेत्वारोप केले जातात, मग त्या पत्रावर अनुकूल शेरा मारायला कोणी धजत नाही. आणि तारीख. अधिवेशनं तीन: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. अधिवेशन सुरू होण्याच्या निदान महिनाभर आधी विभागाकडे कागद असायला हवा, कारण शेवटच्या दोन आठवड्यांत मसुदा बदलायची कोणाची तयारी नसते.

पत्र पाठवल्यावर तीस-चाळीस दिवसांनी माहितीचा अधिकार वापरा. अर्ज एका विषयाचा, दीडशे शब्दांच्या आत, शुल्क दहा रुपये, राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही करता येतो. इथे प्रश्नाची घडण महत्त्वाची. "माझ्या सूचनेवर काय निर्णय घेणार?" याचं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही, कारण ती अभिलेखावरची माहिती नाही. विचारायचं असं: "दिनांक अमुकचे माझे निवेदन कोणत्या कार्यासनाच्या कोणत्या नस्तीत समाविष्ट केले आहे, त्यावरील टिप्पणीची प्रत, शिकवणी वर्गांच्या नियमनाबाबत मसुदा तयार झाला असल्यास त्याची प्रत, हरकती व सूचना मागवण्याबाबत निर्णय झाला असल्यास त्याची प्रत." मंत्रिमंडळापुढचे कागद निर्णय होईपर्यंत कलम 8(1)(झ) खाली नाकारले जाऊ शकतात, पण नस्ती कुठल्या कार्यासनात आहे हे नाकारण्याचं काही कारण नाही, आणि तुम्हाला पुढच्या पत्राचा पत्ता म्हणून तेवढंच हवं आहे. माहिती अधिकार अधिनियमाचं कलम 4(1)(ग) असं सांगतं की लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणं आखताना संबंधित सर्व वस्तुस्थिती प्रसिद्ध करावी. मसुदा जाहीर करण्याची मागणी करताना हे कलम जरूर लिहा.

तुमच्या बाबतीत विधेयक अजून "येणार" या अवस्थेत आहे, म्हणजे पहिलं दार उघडं आहे. या आठवड्यात वर्षभराची जमा, भाडं, वीज, मुलांची संख्या आणि खोल्यांचं क्षेत्रफळ एका पानावर काढा. केंद्राची 2024 ची मार्गदर्शक तत्त्वं आणि राजस्थानचा कायदा डोळ्यांखालून घाला, कारण इथला मसुदा लिहिणारे तेच समोर ठेवून बसण्याची शक्यता मोठी आहे. केंद्राच्या तत्त्वांत सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश न देण्याची सूचना आहे. तुमची मुलं आठवी ते दहावीची, म्हणजे विद्यार्थिसंख्येच्या आकड्याइतकाच किंवा त्याहून मोठा धोका तुम्हाला वयाच्या अटीत आहे. त्यामुळे निवेदनातली पहिली सूचना तीच असू द्या, आणि पन्नासच्या आतल्या वर्गांना ती अट लागू नसल्याचं खंडात स्पष्ट लिहावं अशी मागणी करा.